विहारातला कॉम्प्युटर आणि वस्तीचे कागद

२०२५ च्या मे महिन्यात अवकाळी पावसाने महाराष्ट्राला झोडपले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या दिवसांत एका संध्याकाळी आमच्या वस्तीत वीज तीन वेळा गेली आणि तीन वेळा आली. तिसऱ्यांदा आली ती जोरात आली. विहाराच्या अभ्यासिकेतली ट्यूब गेली, पंख्याचा रेग्युलेटर जळाला आणि कोपऱ्यातला कॉम्प्युटर बंद पडला. ट्यूब दुसऱ्या दिवशी बसवली. कॉम्प्युटर मात्र ऑक्टोबरपर्यंत निळ्या प्लास्टिकखाली पडून राहिला.

एका कॉम्प्युटरचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून त्यात काय होते ते आधी सांगतो.

आमची वस्ती नगर शहराच्या कडेला आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण बोलण्यात अजून नगरच येते.) इथली बरीच घरे १९७२ च्या दुष्काळात पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड भागातून पोटामागे आलेली. कोणी खडी फोडली, कोणी हमाली केली, कोणी पुढे एमआयडीसीत लागला. येताना लोकांनी भांडी आणली, पोरे आणली. कागद गावीच राहिले. आता त्यांच्या नातवंडांना इंजिनियरिंगला किंवा नोकरीत राखीव जागेवर जायचे तर जातीचा दाखला लागतो, आणि दाखल्याच्या मागोमाग जात पडताळणी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो देण्याचा भार २००० च्या कायद्याने अर्जदारावर टाकलेला आहे. ज्याचा आजा शाळेची पायरीच चढला नाही त्याने शाळेचा दाखला आणायचा कोठून? मग तहसिलीच्या रेकॉर्डमधून कोतवाल बुकाची नक्कल काढायची. तीही कित्येकदा मोडीत. एखाद्याच्या पत्र्याच्या पेटीत महार वतनाचा कागद निघतो. त्यात आपल्या समाजाची आणखी एक अडचण. आजोबांच्या नोंदीत ‘महार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’, नातीच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. १९९० मध्ये संसदेने कायदा करून बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान दिले हे खरे, पण तीन पिढ्यांचे तीन कागद एका माळेत ओवून दाखवायचे काम शेवटी त्या पोरीच्याच गळ्यात पडते.

मी कारकून माणूस. कागद लावणे हेच माझे आयुष्य. म्हणून तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी अभ्यासिकेत बसून वस्तीतल्या शंभरावर कुटुंबांचे असे जुने कागद मी स्कॅन करून ठेवले होते. घराण्याच्या नावाने एक कप्पा, त्यात पिढीवार कागद. ज्यांचे होते त्यांना मूळ कागद परत दिले. त्यातले काही नंतर वाळवीने खाल्ले, काही पत्र्यातून गळलेल्या पाण्याने गेले. एका घरी तर सुनेने रद्दी समजून दिले. म्हणजे त्या घरांच्या पुराव्याची एकमेव प्रत राहिली ती निळ्या प्लास्टिकखालच्या त्या डब्यात. दुसरी प्रत मी कोठेही ठेवली नव्हती. ही चूक माझी, आणि ती इथे कबूल करतो.

वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालू होते, तेव्हा महिला मंडळाने वर्गणीचा विषय काढला. दहा-वीस रुपयांपासून पैसे जमले. तपासून घेतल्यावर कळले की जुना मदरबोर्ड कायमचा गेला आहे. त्यावरचे दोन-तीन कपॅसिटर पापडासारखे फुगले होते. मदरबोर्ड म्हणजे डब्यातली ती हिरवी-काळी मोठी पाटी, जिच्यावर बाकी सगळे भाग बसतात. तसाच जुना, वापरलेला बोर्ड स्वस्तात मिळत होता. पण समितीतल्या तरुणांचे म्हणणे पडले की विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो आहे, पुढची विंडोज जुन्या बोर्डावर रीतसर चालत नाही, तर पैसे घालायचेच असतील तर नव्यात घाला. (१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला १९५६ पासून वेगळ्या कारणाने पाठ आहे. अमेरिकेतल्या कंपनीला त्याची कल्पना नसणार.) तेव्हा नवा बोर्ड, नवा प्रोसेसर आणि नवी रॅम असे सुमारे १८ हजारांत आणले. डबा जुना, दोन वर्षांपूर्वी बदललेला एसएमपीएस तोच, आणि हार्ड डिस्क अर्थातच जुनी.

जोडायला एक कारागीर बोलावला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. दिवसाला दहा ठिकाणी जाणारा, घाईतला. त्याने शनिवारी संध्याकाळी सगळे जोडले आणि बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाच. त्याने रॅम काढून घातली, पुन्हा बटण दाबले. काळाच. तेव्हा तो म्हणाला, “साहेब, बोर्ड डेड आलाय. परत पाठवावा लागंल. पंधरा दिवस धरून चाला.” आणि स्कूटरला किक मारून गेला.

महिला मंडळाच्या अध्यक्षा तेथेच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. ते न बोलणे मला फार लागले.

दुसऱ्या दिवशी रविवार. माझी पुतणी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती सुट्टीला घरी आलेली होती. चहा पिता पिता तिला हकीकत सांगितली. ती म्हणाली, “नाना, बोर्ड डेड आहे हे त्यानं पाहिलं का, की म्हणाला?”

मी गप्प झालो. दर पौर्णिमेला कालामसुत्त समजावून सांगणारा माणूस मी. ऐकीव आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, हे पन्नास वेळा लोकांना सांगितले असेल. आणि १८ हजारांचा बोर्ड मेला, हे एका वाक्यावर मानून मोकळा झालो होतो.

आम्ही दोघे विहारात गेलो. तिने काय केले ते थोडे सविस्तर लिहितो, कारण हा प्रसंग कोणाच्याही घरी येऊ शकतो.

पहिली गोष्ट, तिने बटण दाबलेच नाही. भिंतीतून वायर काढली, डबा आडवा केला आणि हात लावण्यापूर्वी डब्याच्या उघड्या लोखंडाला बोटे टेकवली. अंगावर साचलेली वीज तशी उतरते, नाहीतर ती नाजूक भागांना मारक ठरते. मग नव्या बोर्डासोबत आलेली पुस्तिका मागितली. ती कारागिराने खोक्यातच टाकली होती, प्लास्टिकसुद्धा न फोडता.

ती म्हणाली, “कॉम्प्युटर चालू होणं म्हणजे काय, ते आधी ऐका नाना. कारखान्याच्या फाटकावर हजेरी होते ना, तसं आहे. बटण दाबलं की बोर्डावरच्या एका चिपमधला प्रोग्रॅम हजेरी घेतो. त्याला बायोस म्हणायचं. प्रोसेसर आला का? रॅम आली का? पडदा आहे का? डिस्क आहे का? सगळे हजर असले की मग डिस्कवरच्या विंडोजला हाक मारतो आणि बाजूला होतो. आता आपली हजेरी कुठं थांबली, तेवढं शोधायचं.”

ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर कितीतरी पैसे वाचले असते. आपण ‘कॉम्प्युटर बिघडला’ असे सरसकट म्हणतो. पंखाच फिरत नाही, हा बिघाड वेगळा. पंखा फिरतो पण पडदा काळा, हा वेगळा. पडद्यावर अक्षरे येतात पण विंडोज येत नाही, हा आणखी वेगळा. पहिल्यात विजेकडे, बटणाच्या बारीक वायरींकडे पाहायचे. दुसऱ्यात प्रोसेसर, रॅम आणि त्यांच्या जोडणीकडे. तिसऱ्यात डिस्ककडे आणि बायोसमधल्या नोंदींकडे. ताप, खोकला आणि पोटदुखी या तिन्हींवर डॉक्टर एकच गोळी देत नाही.

तिने डब्यातली भरती कमी केली. हार्ड डिस्क सोडवली, समोरच्या यूएसबीच्या वायरी काढल्या. उरले फक्त प्रोसेसर, एक रॅम आणि पडदा. नवा बोर्ड बसवताना खाली पितळेचे छोटे खांब असतात; जुन्या बोर्डाचा एखादा खांब नको त्या जागी राहिला तर बोर्डाला मागून टेकतो आणि शॉर्ट होतो. तो तिने बॅटरी लावून पाहिला. खांब बरोबर होते. रॅम खोबणीत दोन्ही बाजूंनी कट असा आवाज येईपर्यंत बसली आहे का ते पाहिले. रॅम जुनी असती तर तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून घेतल्या असत्या, असे ती म्हणाली. शाळकरी मुलांचा साधा पांढरा रबर त्यासाठी पुरतो.

मग तिचे बोट बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात थांबले. तिथे एक चौकोनी, छिद्राछिद्रांची खोबण होती, आणि ती रिकामी होती.

बोर्डाला वीज दोन वाटांनी जाते. एक रुंद २४ पिनांची वायर सगळ्या बोर्डासाठी. दुसरी चार किंवा आठ पिनांची, ती एकट्या प्रोसेसरसाठी. पहिली लावली आणि दुसरी राहिली तर पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि प्रोसेसर उपाशी असतो. पाहणाऱ्याला वाटते सगळे चालू आहे. आमची ती दुसरी वायर वायरींच्या जुडग्यात, प्लास्टिकच्या पट्टीने मागे बांधलेली सापडली. जुन्या बोर्डावर ती खोबण जवळ होती, नव्यावर पार कोपऱ्यात. वायर पोहोचेना, म्हणून कारागिराने नंतर पाहू म्हणून सोडली असावी आणि विसरला असावा. तिने पट्टी कापली, वायर बोर्डामागून फिरवून आणली, नीट दाबून बसवली.

“आता दाबा नाना. आणि मिनिटभर धीर धरा. नवी रॅम पहिल्यांदा ओळखायला वेळ लागतो. लगेच बंद करू नका.”

मी बटण दाबले. काळा पडदा. मी तिच्याकडे पाहिले, तिने हात वर करून थांबा म्हटले. आणि मग पडदा उजळला. कंपनीचे चिन्ह, प्रोसेसरचे नाव, रॅम ८ जीबी. ‘मेलेला’ बोर्ड जिवंत होता.

इथे गोष्ट संपली असती तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

हार्ड डिस्क परत जोडली. आता बायोसचा पडदा येई, त्यात डिस्कचे नावही दिसे, पण विंडोज काही येईना. चालू केले की यंत्र फिरून फिरून त्याच बायोसच्या पडद्यावर येऊन उभे. सोमवारी कारागीर आला. वायरीचे ऐकून जरा ओशाळला, मग पडदा पाहून म्हणाला, “विंडोज उडाली. फॉरमॅट मारून नवी टाकतो. पाचशे द्या.”

वाचकहो, हा शब्द नीट ऐकून ठेवा. फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्कवरची नोंदवही फाडून कोरी वही ठेवणे. पाटी पुसून नवे लिहिण्यासारखे. कारागिराच्या दृष्टीने तो सर्वात सोपा इलाज, कारण अर्ध्या-पाऊण तासात यंत्र चालू होते आणि गिऱ्हाईक खूश. त्या डिस्कमध्ये लग्नाचे फोटो आहेत, की मुलीचा प्रोजेक्ट आहे, की शंभर घरांचे १९५० पूर्वीचे पुरावे आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि तो विचारत नाही. मी थकलो होतो. ‘मारा’ हा शब्द ओठांवर आला होता, हेही खरे.

पुतणी म्हणाली, “भाऊ, डिस्क दिसतेय ना बायोसमध्ये? मग उडाली कशी म्हणता? आधी प्रत काढू. मग काय मारायचं ते मारा.”

डिस्क सोडवून तिने एका पन्नास-साठ रुपयांच्या नव्हे, जरा बऱ्यापैकी केबलने (सस्त्या केबलने डिस्क मध्येच तुटते, हा तिचा अनुभव) आपल्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर ते ओळखीचे कप्पे एकापाठोपाठ एक उमटले. आडनावे, गावे, पिढ्या. एक कोतवाल बुकाची नक्कल उघडून पाहिली. मोडीतली ती वेलांटी जशीच्या तशी. माझे डोळे भरून आले. वयाचा परिणाम असेल.

मग बिघाड काय होता? तोही समजून घेण्यासारखा आहे. डिस्कवर सुरुवातीला एक नोंद असते, कोणता मजकूर कोठून कोठपर्यंत आहे त्याची. या नोंदीची जुनी पद्धत एमबीआर, ती १९८३ पासूनची. नवी पद्धत जीपीटी. जुने बोर्ड जुन्या पद्धतीने हाक मारत. मधल्या काळातले बोर्ड दोन्ही जाणत. पण इंटेल कंपनीने २०१७ मध्येच जाहीर केले होते की २०२० पर्यंत जुनी पद्धत बंद करणार, आणि आताच्या पुष्कळशा बोर्डांवर ती उरलेलीच नाही. आमची विंडोज जुन्या बोर्डावर, जुन्या पद्धतीने बसवलेली. नव्या बोर्डाला ती वाचताच येईना.

मी म्हटले, “म्हणजे आपल्या कोतवाल बुकासारखंच की. नोंद खरी आहे, पान शाबूत आहे, फक्त नव्या साहेबाला मोडी येत नाही.”

“अगदी तेच,” ती म्हणाली. “म्हणून काय आपण बुक जाळतो का? लिप्यंतर करून आणतो.”

या लिप्यंतराचे साधन विंडोज १० मध्ये २०१७ पासून आयतेच आहे. त्याचे नाव एमबीआर-टू-जीपीटी; लिहिताना मधले ‘टू’ अंकाने लिहितात आणि जागा सोडत नाहीत. आधी सगळ्या कागदांच्या दोन प्रती झाल्या, एक बाहेरच्या डिस्कवर, एक तिच्या लॅपटॉपवर. त्याला दुपार गेली. मग डिस्क परत डब्यात. दुसऱ्या यंत्रावर तयार केलेल्या विंडोजच्या पेनड्राइव्हने कॉम्प्युटर चालू केला, पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ-१० ही बटणे एकदम दाबली, काळी खिडकी उघडली. त्या साधनाला आधी फक्त तपासायला सांगता येते, बदल न करता. तपासणी ठीक निघाली तेव्हाच तिने बदलाची आज्ञा दिली. डिस्कवर तीनपेक्षा जास्त मुख्य भाग असतील तर हे साधन नकार देते. आमचे दोनच होते. आज्ञेला काही मिनिटे लागली. तेवढ्या वेळात कारागीर बाकावर बसून टक लावून पाहत होता. त्याने विचारले, “ताई, हे लिहून द्याल का मला?” तिने त्याच्या वहीत लिहून दिले. पाचशे रुपये त्याने घेतले नाहीत, चहा घेतला.

विंडोज आली. नव्या भागांची ओळख करून घेण्यात बराच वेळ गेला, दोनदा आपणहून बंद होऊन चालू झाली. इंटरनेट लागेना, कारण नव्या बोर्डाच्या नेटचा ड्रायव्हर जुन्या विंडोजकडे नव्हता. तो लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हने आणला. एक काम मात्र शिल्लक राहिले. विंडोजचा परवाना जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो. यंत्रासोबत आलेला परवाना बोर्ड बदलला की सरत नाही, नवा घ्यावा लागतो. सुटा विकत घेतलेला आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडलेला असेल तर पुन्हा लागू करता येतो. आमचा पहिल्या प्रकारचा. तेव्हा कोपऱ्यात परवान्याची आठवण करून देणारी फिकट अक्षरे आली. नवा परवाना घेऊन पुढच्या विंडोजवर जायचे, की फुकट मिळणारी लिनक्स टाकायची, यावर समितीत दोन तट पडले आहेत. मुलांचा लिनक्सकडे ओढा आहे. मी म्हणतो चोरीची टाकायची नाही, एवढे ठरवा, बाकी काहीही करा. पंचशील काही फक्त पौर्णिमेपुरते नाही.

ही हकीकत मी एका लग्नात सांगितली तर चार जणांनी आपापल्या गोष्टी काढल्या. राहुरीकडच्या एका बांधवाने स्वस्तात वापरलेला बोर्ड आणला, २०११ च्या सुमाराचा एच-६१ जातीचा. हे बोर्ड जुन्या बाजारात पुष्कळ फिरतात. त्यावर त्यांचा आधीचा प्रोसेसर बरोबर बसला, पण यंत्र उठेना. खोबण तीच असली तरी प्रोसेसर बोर्डानंतर वर्षभराने निघालेला. त्या बोर्डाच्या बायोसला त्याचे नावच ठाऊक नव्हते. हजेरीपटावर नाव नाही, तर माणूस फाटकातच अडणार. बायोस अद्ययावत केल्यावर चालला. जुना बोर्ड घेताना दुकानदाराला प्रोसेसर दाखवून, त्याच्यासमोर चालू करून घ्या, हे त्यावरून आले. दुसऱ्या एकाकडे विंडोज ७ होती. बोर्ड बदलल्यावर क्षणभर चिन्ह दिसून निळा पडदा, आणि त्यावर शेवटी ७बी असा आकडा. त्याच्या बायोसमध्ये डिस्कशी बोलण्याची रीत बदलली होती. आयडीई आणि एएचसीआय असे दोन पर्याय असतात. पूर्वीचा होता तो परत निवडला, विंडोज आली. त्यालाही आधी फॉरमॅटच सांगितले होते.

कोणाचे यंत्र बोर्ड न बदलताच रोज तारीख-वेळ विसरत असेल, तर बोर्डावरचा रुपयाएवढा गोल सेल पाहा. सीआर २०३२ या आकड्याने कोठेही मिळतो, स्वस्त असतो. बायोसच्या नोंदींत गोंधळ झाल्यावरही वायर काढून तो सेल काही मिनिटे बाहेर ठेवला की पुष्कळ बोर्ड मूळपदावर येतात. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठून राहते.

एका गोष्टीकडे मात्र लॅपटॉप घेणाऱ्या सर्व घरांनी लक्ष द्यावे, कारण तिथे आमच्यासारखी डिस्क सोडवून प्रत काढण्याची वाटच बंद असते. आताच्या नव्या विंडोजच्या यंत्रांत डिस्कवरचा मजकूर पुष्कळदा आपोआप कुलूपबंद झालेला असतो. त्या कुलपाची किल्ली बोर्डातच असते. बोर्ड बदलला की यंत्र ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र सुरू केले, त्या खात्यात सहसा साठवलेली असते. आता विचार करा, आपल्याकडे लॅपटॉप सुरू कोण करून देतो? दुकानातला पोऱ्या. ईमेल कोणाचा टाकतो? त्याचाच, किंवा तेथल्या तेथे काढलेला, ज्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. दोन वर्षांनी बोर्ड जातो आणि मुलीचा सगळा अभ्यास कुलपात अडकतो. मग जगातला कोणी कारागीर तो काढू शकत नाही. तेव्हा खाते आपल्या ईमेलने, आपल्या मोबाइल नंबरने काढा. यंत्र चालू आहे तोवरच त्या खात्यात जाऊन ते ४८ आकडे वहीत उतरवून घ्या, आणि ती वही रेशनकार्डाजवळ ठेवा.

बाबासाहेबांच्या हयातीत छापले न गेलेले कितीतरी लिखाण त्यांच्यामागे कागदांच्या रूपाने राहिले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली ‘लेखन आणि भाषणे’चे खंड काढायला सुरुवात केली, तेव्हा ते वाचकांपर्यंत पोहोचले. ते कागद कोणी रद्दी म्हणून घातले असते तर, हा विचार गेले काही महिने माझ्या मनात वरचेवर येतो. आता अभ्यासिकेत नवा नियम केला आहे. प्रत्येक पौर्णिमेला वंदना झाली की सगळ्या कागदांची प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. ती डिस्क विहारात राहत नाही, कोषाध्यक्षांच्या घरी लोखंडी कपाटात राहते. कॉम्प्युटरला पासवर्ड आहे, कारण हे कागद लोकांच्या घरचे आहेत, चावडीवर मांडायचे नाहीत. भिंतीवर व्होल्टेज सांभाळणारे यंत्र बसवले आहे. पाऊस आला की वायर भिंतीतून काढायचे काम सातवीतल्या एका मुलाने आपणहून घेतले आहे. तो ते इतक्या कर्तव्यदक्षतेने करतो की परवा नुसते ढग आले तरी त्याने माझे अर्धे लिहिलेले पत्र घालवले.

यंत्र चालू झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी ऑफिसला निघालो होतो तेवढ्यात, जामखेडकडच्या एका कुटुंबातल्या बाई दारात आल्या. मुलीच्या पडताळणीच्या अर्जाला आजेसासऱ्यांची नोंद हवी होती. मूळ नक्कल घर गळाले तेव्हाच गेली होती. सायकल विहाराकडे वळवली. कप्पा उघडला, पान निघाले, छापून त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते उजेडात धरून उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, “दादा, ही तर मूळच्यापेक्षा काळी उठली. त्यात काय डाग होता चहाचा.”

डाग मी स्कॅन करताना पुसलेला नव्हता. नीट पाहिले तर उजव्या कोपऱ्यात तोही होता.